क्राफ्टचा तास

आचऱ्याच्या शाळेत मला सगळे क्राफ्टच्या बाई म्हणतात.
आडनाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक.
शुक्रवारी शेवटचे दोन तास:
घोटीव कागद, बोथट कात्र्या, गोंदानं चिकटलेली बोटं,
आणि दारात गणिताचे सर,
"बाई, हा तास आज मला द्या. तुमचं काय..."

अशाच एका शुक्रवारी धाकू मेस्त आले,
खाडीवरून तसेच, पोटऱ्यांना भुसा,
हातात बंदर खात्याचा फॉर्म.
"बाई, होडयेचां नाव खंय लिवचां?"
मी रकाना वाचला: नेम ऑफ क्राफ्ट.
म्हातारा बघतच राहिला.
"क्राफ्ट? तां तर तुमचां. कागदाचां."

रात्री कोश काढला,
मुलाच्या बारावीचा, पुठ्ठा निघालेला.
एवढासा शब्द, आणि पोटात केवढा माल.
आधी म्हणे नुसतं बळ. दंडातलं.
जर्मनांकडे तो अजून तेवढाच आहे,
आणि वह्यांना घालतो तो खाकी कागद,
त्याचं नावही त्याच बळावरून: सहज फाटत नाही.
इंग्रजांकडे बळ बोटांत उतरलं, कसब झालं,
मग धंदा, मग डावपेच, मग सरळ लबाडी.
चेटकिणीच्या विद्येलाही तीच शेपटी.
होडी कधी झाली, तिथे कोश जरा पुटपुटतो:
लहान होड्या हाकायला लागायचं ते कसब
बोलता बोलता होडीलाच चिकटलं असावं.
जसं मला चिकटलं.

मग आपला शब्द शोधला. कसब,
अरबीतून आलेला, मुळात अर्थ कमाई.
मेस्तांची निम्मी मजुरी गणपतीपासून थकली आहे.
आणि कुशल म्हणजे, आमचे गुरुजी सांगायचे,
ज्याला बोट न कापता दर्भ खुडता येतो तो.
मी दिव्याखाली बोटं पाहिली.
कात्रीचे वण, सात.

रविवारी फॉर्म घेऊन मांगरात गेले.
पठाणावर वाकांचा सांगाडा उभा,
खाली करवंट्यांची आग, फळीवर ओली गोणपाटं,
आणि फळीच्या टोकाला लटकलेले दोन पुतणे.
धाकू मेस्त आता तासणी उचलत नाहीत.
दंड सुकलेत, सदऱ्याची बाही रिकामी वाटते.
नख लावून बघतात, म्हणतात,
"आजून एक सूत."
पुतणे आणखी लटकतात.
शब्दातलं पहिलं बळ असं दुसऱ्याच्या अंगात गेलेलं,
उरलं होतं ते त्या नखात.

"लाकूड सरळ वाढता, बाई.
तेका एकदम वाकवलास तर मोडतलां.
थोडां थोडां फसवूचां.
पाणी दाखवूचां, आग दाखवूची,
तेका वाटाक व्हयां आपूणच वाकतंय."
मग आवाज खाली आणून,
"मालकाकय तसांच."
आणि नाळेजवळची गाठ दाखवली,
जिच्यावर उद्या रंगाचा डोळा येणार होता.
गळणार नाही, त्यांनी शपथ घातली.
कोशातलं सगळंच्या सगळं
त्या एका मांगरात धुरात बसलं होतं,
लबाडीसुद्धा, बिडी ओढत.

फॉर्म तिथेच भरला, ओंडक्यावर.
नाव मालकानं सांगितलेलं.
पुढचा रकाना, टाइप ऑफ क्राफ्ट.
कुठली बुद्धी सुचली कोण जाणे,
मी लिहिलं: लाकडाला फसवणे.

आठ दिवसांत परत आला.
लाल वर्तुळ. कृपया स्पष्ट करावे.
मी खोडलं. लिहिलं: होडी, लाकडी, एकोणतीस फूट.
मेस्तांनी विचारलं, काय चुकलां?
म्हटलं, काही नाही, अक्षर लागलं नाही त्यांना.

त्या शुक्रवारी खाकी कागद भिजवून
आम्ही तो वाकवत होतो, मोडू न देता.
पाचवीतला त्यांचा नातू सगळ्यांना ओरडत होता,
"दम धरा रे, एकदम नको."
दारात गणिताचे सर.
मी मान वर न करता म्हटलं,
थांबा, अजून एक सूत आहे.